झोपडीतले मडके आणि बंगल्यातला बार

डहाणूपासून बोर्डीपर्यंतचा किनारा म्हणजे सुरूची बने, चिकूच्या वाड्या आणि त्यांच्यामध्ये उभे राहिलेले मुंबईकरांचे बंगले. गेल्या काही वर्षांत या बंगल्यांच्या आतल्या सजावटीत एका नव्या गोष्टीची भर पडली आहे. दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यात लाकडी काउंटर, मागे आरसे आणि बाटल्यांची फळी, खाली एलईडीची पट्टी, चार उंच स्टुले. त्याला काहीतरी ‘थीम’ हवी असते. कुणाला जहाजाची केबिन हवी असते, कुणाला गोव्यातली जुनी टॅव्हर्न, तर कुणाला माडाच्या झावळ्यांची झोपडी. याच काउंटरमध्ये जॉयस्टिक आणि रंगीत बटणे असलेले जुन्या व्हिडिओ गेमचे यंत्रही बसवून मागतात. पाहुण्यांनी प्यावे आणि प्यायला बसल्या बसल्या खेळावे, अशी कल्पना.

याचा आपल्याशी संबंध काय, असे काही वाचक विचारतील. संबंध दोन आहेत. पहिला अगदी व्यवहारातला. सुतारकाम, पॉलिश आणि वायरिंग या धंद्यांत मुस्लिम कारागीर मोठ्या संख्येने आहेत. अशा कामाची ऑर्डर आली की ‘हे करावे की नाही’ हा सवाल आधी मिस्त्रीसमोर उभा राहतो आणि मग त्याच्या घरी. दुसरा संबंध इतिहासाचा. घरात दारू असण्याचा हक्क कुणाला आणि गुन्हा कुणाचा, हा वाद डहाणू-तलासरीच्या मातीत जवळजवळ दीडशे वर्षे चालू आहे. तो समजून घेतला तर पहिल्या सवालाचे उत्तरही थोडे सोपे होते.

एकाच झाडाचे दोन रस

या भागात ताड आणि शिंदी यांची कमतरता नाही. किनाऱ्याकडे ताड, आत जंगलपट्टीकडे शिंदी. रात्री लावलेल्या मडक्यात झाडाचा रस थेंब थेंब जमतो. पहाटे उतरवला तर ती नीरा, गोड आणि थंड. ऊन चढू लागले की हवेतले आणि मडक्याला चिकटलेले किण्व आपले काम सुरू करते. रसातल्या साखरेचा मद्यार्क होतो आणि तीच नीरा ताडी होते. मधे कुणी काही मिसळलेले नसते. झाड तेच, मडके तेच, बदललेला असतो तो वेळ.

फिकहच्या किताबांत याच्या अगदी जवळचा मुद्दा आहे. अरबस्तानात खजूर किंवा मनुका पाण्यात भिजवून नबीज करत. ते ताजे असताना हलाल, आणि नशा आणू लागले की हराम. ही रेषा नेमकी कुठे ओढायची यावर कूफ्याच्या आणि हिजाजच्या उलेमांमध्ये बराच खल झाला. इमाम शाफई यांचे मत स्पष्ट होते. ज्याच्या जास्त प्रमाणाने नशा होते, त्याचे थोडे प्रमाणही हराम. कोकणी मुसलमान शाफई मसलकचे. म्हणून किनाऱ्यावरच्या मुस्लिम घरात नीरा चालते आणि ताडी चालत नाही, याला फिकहचा आधार आहे.

मदिन्यात दारूबंदीचा हुकूम आला तेव्हाचा प्रसंग हदीसमध्ये नोंदवला आहे. हजरत अबू तलहा यांच्या घरी लोक बसले होते आणि कोवळे हजरत अनस त्यांना खजुराची दारू वाढत होते. बाहेर पुकारा झाला, आणि घरातली दारू त्याच घडीला रस्त्यावर ओतली गेली. यातल्या दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. ती दारू घरातलीच होती, आणि ती घरातल्यांनीच ओतली. शिवाय हुकूम सगळ्यांना सारखा होता. श्रीमंताचा घडा वेगळा आणि गरिबाचा वेगळा, असा भेद त्यात नव्हता.

१८७८ : घरातले मडके गुन्हा ठरते

डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. (पालघर हा वेगळा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला.) वारली, कोकणा, धोडिया, दुबळा या समाजांत मोहाची दारू आणि ताडी घरीच होत असे. देवाला, पूर्वजांना आणि लग्नाच्या विधीला ती लागत असे. ती चांगली की वाईट हा प्रश्न वेगळा. पण ती विकत आणण्याची वस्तू नव्हती. मोहाची फुले रानात मिळत, भांडे घरात असे.

इंग्रज सरकारने १८७८ मध्ये मुंबई अबकारी कायदा आणला. त्यामागचे धोरण राबवणाऱ्यांमध्ये चार्ल्स प्रिचर्ड या अधिकाऱ्याचे नाव पुढे होते. या कायद्याने घरगुती भट्टी बेकायदा ठरली. दारू सरकारमान्य कारखान्यात गाळायची, तिच्यावर कर भरायचा आणि परवानाधारक दुकानातूनच विकायची. ताडीसाठी प्रत्येक छेदलेल्या झाडावर कर आला. रस काढायचा तर आधी परवाना, मग झाडावर खूण. १८९२ मध्ये त्यापुढचे पाऊल पडले. मोहफुलांसाठी वेगळा कायदा झाला आणि ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांत मोहाची फुले जवळ बाळगण्यावरच निर्बंध आले. रानात पडलेले फूल वेचून घरी नेले तरी शिपाई दारात येऊ शकत होता.

सरकारचे म्हणणे असे की, दारू महाग झाली म्हणजे लोक कमी पितील. प्रत्यक्षात अबकारी हा सरकारी तिजोरीचा मोठा झरा झाला. पिणे थांबले नाही, त्याची जागा बदलली. दारू घरातून दुकानात गेली. या पट्ट्यात दुकानांचे मक्ते बऱ्याच अंशी पारशी व्यापाऱ्यांकडे होते आणि त्यांच्यातले काही जमीनदार आणि सावकारही होते. उधारीवर दारू, उधारीसाठी वेठ, आणि वेठ करूनही न फिटणारे कर्ज, अशी ती साखळी होती. आदिवासी शेतकऱ्याच्या हातातली जमीन याच वाटेने निसटत गेली. त्यात अबकारीचा वाटा किती होता हे डेव्हिड हार्डिमन यांनी आपल्या अभ्यासात तपशिलाने मांडले आहे.

इथे एक सावधगिरी हवी. पारशी समाजावर बोट ठेवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. याच पट्ट्यात बागायती फुलवणारे पारशी आणि इराणीही होते. एखाद्या जमातीतल्या काही मक्तेदारांवरून सगळ्या जमातीचा निवाडा करणे किती चुकीचे असते, हे मुस्लिम वाचकाला वेगळे सांगायला नको. मक्ता देणारे सरकार होते आणि नियम त्याचाच होता.

देवीचा हुकूम आणि लाल बावटा

आदिवासींनी हे मुकाट्याने सोसले असे नाही. १९२२ च्या सुमारास पालघर किनाऱ्यावरच्या मच्छीमार वस्त्यांतून एका देवीची लाट उठली. ती उत्तरेकडे सरकत दक्षिण गुजरातच्या आदिवासी भागात पोहोचली. अंगात आलेल्या माणसाच्या तोंडून देवीचे हुकूम येत. दारू आणि ताडी सोडा, मांस सोडा, रोज अंघोळ करा, दारू विकणाऱ्या पारशांशी व्यवहार ठेवू नका. हजारो लोकांनी ते मानले. गांधीजींची चळवळ नंतर तिच्याशी जोडली गेली, पण सुरुवात आदिवासींची स्वतःची होती. दारू सोडणे हा त्यांच्यासाठी निव्वळ नैतिक उपदेश नव्हता. सावकाराच्या दुकानाकडे पाठ फिरवण्याचा तो मार्ग होता.

पुढची लढाई जमिनीची आणि वेठीची. १९३९ च्या सायमिंग्टन यांच्या अहवालात लग्नगड्याची पद्धत नोंदवलेली आहे. लग्नासाठी कर्ज काढलेला तरुण ते फिटेपर्यंत मालकाकडे राबे, आणि ते फिटत नसे. २३ मे १९४५ रोजी झरी गावात वारल्यांची मोठी सभा झाली आणि वेठ बंद करण्याचा निर्धार झाला. गोदावरी आणि शामराव परुळेकर या लढ्याचे नेतृत्व करत होते. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे गोळीबार झाला आणि त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण शहीद झाले. गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक याच लढ्याचे आहे.

झरी तेव्हा उंबरगाव तालुक्यात होते, आज ते तलासरी तालुक्यात आहे. हा बदल का झाला याची गोष्ट पुढे येते, कारण तिच्यात दारूच्याच एका खटल्यातले न्यायमूर्ती भेटतात.

व्हिस्कीची बाटली सर्वोच्च न्यायालयात

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा केला. एप्रिल १९५० पासून राज्यभर पूर्ण दारूबंदी आली. त्यामागे मोरारजी देसाईंचा आग्रह होता. आता दुकानेही बंद आणि घरही बंद.

फ्राम नसरवानजी बलसारा या गृहस्थांनी या कायद्याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. त्यांची मागणी वाचली तर आजच्या होम बारची यादी वाचल्यासारखे वाटते. व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर, औषधी वाइन आणि ओ-द-कोलोन जवळ बाळगण्याचा आणि वापरण्याचा हक्क त्यांना हवा होता. तेव्हा मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला होते. उच्च न्यायालयाने काही कलमे रद्द केली, काही राखली. प्रकरण दिल्लीला गेले. २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि तो लिहिला न्यायमूर्ती सय्यद फजल अली यांनी.

निकालाचा सारांश असा. औषधे आणि सुगंधी द्रव्ये यांच्यात मद्यार्क असला तरी त्यांना दारू म्हणून बंदी घालणे घटनेत बसत नाही. पण व्हिस्की आणि ब्रँडी पिण्यावर बंदी घालण्याचा राज्याला अधिकार आहे. थोडक्यात, कोलोनची बाटली कपाटात राहू शकते, व्हिस्कीची नाही. लष्करी मेस आणि परदेशी पाहुणे यांना दिलेली सूट मात्र न्यायालयाने मान्य केली.

या सुटीतूनच ‘परमिट’ हा शब्द मराठीत रुजला. आजारपणासाठी परमिट, परदेशी माणसासाठी परमिट, आणि परमिटधारकांनी बसून प्यायची ती ‘परमिट रूम’. आज गावोगावच्या पाट्यांवर हा शब्द आपण सहज वाचतो. तो दारूबंदीच्या काळातला उरलेला शब्द आहे, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

त्या काळात परमिट कुणाला मिळत होते? ज्याची डॉक्टरपर्यंत आणि कचेरीपर्यंत पोच होती त्याला. डहाणूच्या पाड्यावरच्या वारल्याला नाही. त्याचे मडके १८७८ मध्ये गुन्हा होते आणि १९५० मध्येही गुन्हाच राहिले. राज्यकर्ते बदलले, शिपायाने उचलायची वस्तू तीच राहिली.

तीन सरहद्दींचा तालुका

हेच फजल अली पुढे राज्य पुनर्रचना आयोगाचे अध्यक्ष झाले. १९५५ च्या त्यांच्या अहवालावर संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत किती टीका झाली हे मराठी वाचकाला माहीत आहे. आयोगाने सुचवलेली द्विभाषिकाची कल्पना थोड्याफार फरकाने अमलात आली आणि टिकली नाही. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले. उंबरगाव गुजरातेत गेले, आणि त्या तालुक्यातली झरीसारखी गावे महाराष्ट्रात राहिली.

एका रेषेने दारूचा नकाशाही बदलला. गुजरातने दारूबंदी चालू ठेवली. महाराष्ट्राने वसंतराव नाईकांच्या काळात ती सैल करत परवाना पद्धत आणली. जवळचे दमण डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे होते. त्यानंतर ते केंद्रशासित झाले आणि तिथला मद्यावरचा कर कमी राहिला. दादरा-नगर हवेलीही शेजारीच. म्हणजे तलासरीत उभे राहिले तर एका बाजूला दारूबंदी, दुसऱ्या बाजूला स्वस्त दारू आणि पायाखाली परवान्याचे राज्य. महामार्गावर अच्छाडच्या नाक्यावर गाड्या तपासल्या जातात, आणि दमण बनावटीची दारू पकडल्याच्या बातम्या या भागात नेहमीच्याच आहेत. एकच बाटली तासाभराच्या प्रवासात हलकी वस्तू, महाग वस्तू आणि गुन्हा अशी तीन रूपे घेते.

गुजरातनेही डिसेंबर २०२३ मध्ये गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत मद्याला सवलत दिली. तिथे काम करणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या पाहुण्यांसाठी. पुन्हा तेच. कोण पितो यावर कायदा ठरतो.

नशा आणि खेळ

आता त्या काउंटरमधल्या खेळाकडे येऊ. कुरआनमध्ये सूरह बकरा (२१९) आणि सूरह माइदा (९०-९१) या दोन्ही ठिकाणी खम्र आणि मैसिर, म्हणजे नशा आणि जुगार, यांचा उल्लेख जोडीने आला आहे. पहिल्या ठिकाणी सांगितले आहे की, दोन्हींत लोकांना काही फायदे आहेत, पण गुनाह फायद्याहून मोठा आहे. दुसऱ्या ठिकाणी कारण दिले आहे. यांतून माणसामाणसांत वैर निर्माण होते आणि अल्लाहचे स्मरण व नमाज सुटते. इस्लामपूर्व अरब बाण काढून उंटाच्या मांसाचे वाटे ठरवत, तो मैसिर. बैठक, पेला आणि पैज हे तिन्ही त्यात एकत्र असे.

आधुनिक व्हिडिओ गेमचा जन्मही दारूच्या गुत्त्याशी जोडलेला आहे. १९७२ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावी अँडी कॅप्स नावाच्या टॅव्हर्नमध्ये अटारी कंपनीने ‘पाँग’ या खेळाचे पहिले यंत्र ठेवले. काही दिवसांत ते बंद पडले. तपासले तेव्हा कळले की नाण्यांचा डबा इतका भरला आहे की यंत्र अडकले आहे. त्याआधी पिनबॉलची यंत्रे बारमध्ये असत. न्यूयॉर्क शहराने १९४२ मध्ये पिनबॉलला जुगार ठरवून बंदी घातली आणि ती १९७६ मध्ये उठवली. हा नशिबाचा खेळ नाही, कौशल्याचा आहे, हे नगरसभेपुढे खेळून दाखवावे लागले होते.

नशीब की कौशल्य, हा भेद आपल्याकडेही जुना आहे. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला वगळले आहे. व्हिडिओ गेम पार्लरांबाबत १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एम. जे. सिवानी खटल्यात सांगितले की, यंत्रात फेरफार करून निकाल नशिबावर ठेवता येतो, म्हणून अशा पार्लरवर परवान्याचे बंधन योग्य आहे. फुकहांचा विचारही याच वाटेने गेला होता. बुद्धिबळाबद्दल इमाम शाफई म्हणत की, पैज नसेल आणि नमाज चुकत नसेल तर तो हराम नाही, पण नापसंत आहे. हनफी फुकहा याहून कडक होते.

आपल्या पिढीतल्या अनेकांनी हे खेळ पार्लरमध्ये खेळले आहेत. नव्वदच्या दशकात मुंबईपासून लहान शहरांपर्यंत एक खेळ फार गाजला. कॅपकॉम कंपनीचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. हे नाव कुणी घेत नसे. त्यातल्या एका पात्राचे नाव मुस्तफा कैरो, म्हणून खेळाचेच नाव ‘मुस्तफा’ पडले. कुठल्याही जातीधर्माचा मुलगा ‘चल, मुस्तफा खेळू’ म्हणत असे. त्या काळातल्या सिनेमांत मुस्लिम नाव बहुधा कुठल्या भूमिकेला मिळत होते हे आठवले, की या गोष्टीचे महत्त्व कळते. इथे मुस्तफा नायक होता आणि सगळ्यांना तोच हवा असे.

१९९७ मध्ये निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रामरने ‘मेम’ नावाचे सॉफ्टवेअर सुरू केले. पार्लरमधली जुनी यंत्रे साध्या संगणकावर चालू लागली. आज एका लहानशा बोर्डावर हजारो खेळ भरून मिळतात. पडदा, जॉयस्टिक, बटणे जोडली आणि नाणे टाकण्याची जागा बंद केली की ‘मुस्तफा’ घरात. यातले बहुतेक बोर्ड खेळांच्या मालकांच्या परवानगीशिवाय विकले जातात, हेही सांगायला हवे. दुसऱ्याचा माल न विचारता वापरणे हा अमानतीचा प्रश्न आहे. मात्र पैज नसलेला खेळ हा मैसिर नाही. काउंटरवरून बाटल्या काढल्या तर उरतो तो मुलांचा खेळ.

आजचा होम बार आणि भिंतीवरचा ताड

महाराष्ट्रात १९४९ चा कायदा आजही लागू आहे. घरात दारू ठेवायला आणि प्यायला परवाना लागतो. अनेक वर्षे एका दिवसाचा परवाना विदेशी मद्यासाठी पाच रुपयांत, वर्षाचा शंभर रुपयांत आणि तहहयात परवाना एक हजारात मिळत आला आहे. कडक मद्यासाठी वय २५, बिअर आणि वाइनसाठी २१. साठ्यालाही मर्यादा आहे. म्हणजे ज्या बंगल्यात बार बांधला आहे तिथे यजमानाकडे आणि पिणाऱ्या पाहुण्यांकडे परवाना असणे अपेक्षित आहे. ही तपासणी बंगल्यांत किती वेळा होते आणि पाड्यांवर किती वेळा, हे या भागात राहणाऱ्या माणसाला सांगावे लागत नाही.

थीम बारमध्ये ‘स्पीकइझी’ नावाचा एक प्रकार लोकप्रिय आहे. १९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत दारूबंदी असताना जे चोरटे अड्डे चालत, त्यांची नक्कल. त्या कायद्यातही घरात आधीपासून साठवलेली दारू स्वतः पिण्याला आणि पाहुण्यांना देण्याला मुभा होती. ज्यांना आधी साठा करणे परवडले त्यांचे घर सुरक्षित राहिले. दुसरा लोकप्रिय प्रकार ‘टिकी’, माडाच्या झावळ्यांची खोटी झोपडी. हा हॉलिवूडमध्ये १९३३ च्या सुमारास सुरू झाला. डहाणूत हे पाहताना मन थबकते. झावळ्यांची खरी झोपडी आणि तिच्यातले खरे मडके दोन किलोमीटरवर असते. तिथे शिपाई जातो. इथे इंटिरिअर डिझायनर येतो.

याहून बोलकी गोष्ट म्हणजे भिंतीवरचे चित्र. अनेक बारमागे हौसेने वारली चित्र काढून घेतात. त्यात तारपा वाजवणारा, फेर धरलेली माणसे, आणि ताडावर चढलेला, कमरेला भांडे बांधलेला माणूस. ही चित्रे मुळात लग्नघरात सुवासिनी काढत. ती कागदावर आणून जगभर नेणारे जिव्या सोमा म्हसे डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. चित्रातल्या ताडी काढणाऱ्याला मान आहे. त्याच्या नातवाने खरेच परवान्याशिवाय झाड छेदले तर त्याला समन्स येते.

काही बदल होत आहेत. २०२१ मध्ये राज्य सरकारने मोहफुले गोळा करणे, साठवणे आणि नेणे यांवरचे निर्बंध उठवले. १८९२ पासून चालत आलेली ही बंधने जवळजवळ १३० वर्षांनी सुटली. मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ म्हणून मान्यता दिली. बोर्डीकडे चिकूपासून वाइन तयार होते. म्हणजे फळ-फुलाचा पेय म्हणून सन्मान होऊ लागला आहे, मात्र बाटली, लेबल आणि कर यांच्या मार्गाने आला तरच.

दुसऱ्या बाजूला, १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला नशेच्या पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा नियमन करण्याचा अधिकार दिला आहे. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. राज्यात इतरत्र बायकांनी मतदान करून ‘आडवी बाटली’ केली आणि दुकाने बंद पाडली. या दोन्ही वाटा १९२२ च्या देवीच्या जवळच्या आहेत. बंदी कुणी वरून लादलेली नाही, जिच्या घरातला पगार दारूत जातो तिने स्वतः घातलेली आहे.

मिस्त्रीचा सवाल

आता मिस्त्रीच्या ऑर्डरकडे. दारूच्या संदर्भात दहा जणांवर लानत असल्याची हदीस प्रसिद्ध आहे. त्यात पिणारा आहे, तसेच गाळणारा, वाहून नेणारा, वाढणारा, विकणारा आणि तिची किंमत खाणाराही आहे. काउंटर करणारा सुतार त्या यादीत थेट नाही. पण आपण कशासाठी हात चालवतो याचा विचार दीनदार माणूस करणारच. गैरमुस्लिमाची दारू मजुरीने वाहून नेणाऱ्याच्या रोजीबद्दल इमाम अबू हनीफा यांनी नरमाईची भूमिका घेतली होती. त्यांचेच शिष्य अबू यूसुफ आणि मुहम्मद यांनी ती नापसंत केली. म्हणजे हा पेच आजचा नाही आणि मोठ्या इमामांमध्येही यावर मतभेद होते. ऑर्डर घेणाऱ्याला धारेवर धरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, आणि नाकारणाऱ्याला ‘मागासलेला’ म्हणणाऱ्यांनीही. ज्याच्या घरात चूल त्या मजुरीवर पेटते, त्याने आपल्या भरवशाच्या आलिमाला विचारून ठरवावे. त्याच्या वतीने इतरांनी फतवे काढू नयेत.

फिकहची आणखी एक बाजू इथे सांगण्याजोगी आहे. हनफी फुकहांनी म्हटले आहे की, मुस्लिम राज्यातल्या गैरमुस्लिम रहिवाशाची दारू एखाद्या मुसलमानाने फोडली तर त्याची भरपाई द्यावी लागेल, कारण त्याच्या दृष्टीने ती त्याची मालमत्ता आहे. स्वतःसाठी जे हराम मानले, त्यावरून दुसऱ्याच्या घरावर चाल करून जाण्याचा परवाना मिळत नाही, असा त्याचा अर्थ. आपल्या घरात काय शिजते आणि कुणाच्या फ्रीजमध्ये काय आहे यावरून माणसे मारली जात असलेल्या काळात हा मसला आपण इतरांना सांगायला हवा, आणि आधी स्वतः पाळायला हवा.

दारू वाईट आहे, असे आपण मानतो. ती बंगल्यात वाईट आहे आणि झोपडीतही वाईट आहे. नशेत उद्ध्वस्त झालेल्या घरांची दुःखे आदिवासी बाई जाणते, तशी बंगल्यातली बाईही जाणते. पण कायदा जर एका घरातल्या बाटलीला हौस म्हणत असेल आणि दुसऱ्या घरातल्या मडक्याला गुन्हा, तर तो दारूच्या विरोधात नाही, गरिबाच्या विरोधात आहे. कुरआनने माप आणि वजन सरळ ठेवायला सांगितले, ते केवळ धान्य विकणाऱ्याला नाही. १८७८ पासून डहाणूत हे माप एका बाजूला कललेले आहे. ते सरळ करा अशी मागणी करणे हे दारूचे समर्थन नव्हे. अदल मानणाऱ्या कुणाही माणसाचे ते काम आहे, आणि ते काम करताना शेजारच्या पाड्यावरचा वारली आपल्यासोबत असायला हवा.